डबा बदला, ड्रायव्हरही बदला

एप्रिल २०१२, गुरुवार, दुपार. जागा : बडोदे, मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतलं आमचं वर्कशॉप. हजर : गाडीच्या सर्व्हिस सेंटरमधून लॅपटॉप घेऊन आलेला इलेक्ट्रिशियन वाघेला, ऑफिस सांभाळणारी मी, आणि आमचे वर्कशॉप इनचार्ज. शेठ संध्याकाळी येणार होते. गैरहजर : ड्रायव्हर रमणभाई. त्यांना मंगळवारी घरी पाठवलं होतं. गुरुवारी संध्याकाळी येऊन गणवेश आणि किल्ली जमा करा, हा निरोप फोन करून मीच त्यांना दिला होता.

कुठलंही काम हजेरीपासून सुरू करायची मला सवय आहे. कोण होतं आणि कोण नव्हतं हे एकदा कळलं, की अर्धी भांडणं तिथेच मिटतात. त्या दिवशी मिटलं नाही.

आमच्या कंपनीचं काम कारखान्यांमधले प्रेशर गेज आणि सेफ्टी व्हॉल्व्ह तपासण्याचं. तपासायची सगळी यंत्रं एका व्हॅनमध्ये बसवलेली. व्हॅन कारखान्यात जायची आणि काम उरकून परत यायची. शुक्रवारी सकाळी कोयलीच्या बाजूच्या एका मोठ्या कारखान्यात शटडाउन, म्हणजे यंत्रं बंद ठेवून करायची दुरुस्ती, सुरू होणार होता आणि त्या वेळी आमची व्हॅन फाटकावर हवी होती. अशा फाटकांवर सिक्युरिटीवाले दिवे, हॉर्न, वायपर, इंडिकेटर एकेक चालवून बघतात. एक जरी चालला नाही तरी गाडी आत जात नाही. आणि आमच्या व्हॅनमधलं यातलं काहीच भरवशाचं राहिलं नव्हतं.

शेठनी मंगळवारी एका वाक्यात निकाल दिला होता, "डबो बदलो, ने ड्रायवर बी बदलो."

डबा म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल. पूर्वीच्या गाडीत बटण दाबलं की वायर सरळ दिव्यापर्यंत जायची. या नव्या गाडीत डॅशबोर्डखाली शाळेच्या पुस्तकाएवढा एक काळा डबा होता. बटण त्या डब्याला विचारणार, मग डबा दिव्याला सांगणार. वायपर, हॉर्न, दारांची लॉकं, सगळा कारभार त्याच्यामार्फत. वाघेला त्याला 'बीसीएम' म्हणे, आम्ही 'डबा' म्हणायचो, आणि इनचार्ज 'दिवाण' म्हणायचे. "इंजिन राजा असेल, पण सही दिवाणाची," हे त्यांचं म्हणणं. त्यांचे आजोबा संस्थानात नोकरीला होते, त्यामुळे त्यांना सगळ्या गोष्टी दरबारातल्याच दिसायच्या.

आता इनचार्जबद्दल.

दांडिया बाजारातलं जुनं मराठी घर. शर्ट पांढरा, खिशाला टेस्टर. माणसांना नावानं हाक मारायची नाही, हा त्यांचा नियम. मी 'ऑफिस'. स्टोअर सांभाळणारा 'स्टोअर'. रमणभाई 'ड्रायव्हर'. "ऑफिस, इकडे या जरा," असा आवाज आला की नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी इकडेतिकडे बघायची. एकदा न राहवून म्हटलं, "मला नाव आहे."

"असू दे की," ते म्हणाले. "ते घरी वापरा. इथे काम वापरा."

माणसांशी ते मराठीत बोलायचे, समोरचा गुजराती असला तरी. यंत्रांशी मात्र गुजरातीत, आणि इतक्या मायेनं, की ऐकणाऱ्याला हेवा वाटावा. कॉम्प्रेसर सुरू होईना तर त्याच्यावर हात ठेवून म्हणणार, "चाल ने दीकरा, आटलुं शुं रिसाय छे?" रुसलेल्या लेकराची समजूत काढावी तसं. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "यंत्रं इथलीच आहेत. त्यांनी आपलं मराठी कशाला शिकायचं?"

"आपणही चार पिढ्या इथलेच आहोत."

"म्हणून तर मला गुजराती येतं."

सेव-उसळ मागवली की सेव वेगळ्या पुडीत बांधून घ्यायचे. उसळ कोरडीच खायचे आणि पुडी घरी न्यायचे. घरी सेवेचं काय होतं हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

त्यांच्यासमोर 'चुकून' हा शब्द काढायची सोय नव्हती. गेज टेबलावरून पडला आणि कोणी "चुकून पडला" म्हणालं, की ते पेन खाली ठेवायचे. "गेजला पाय आहेत का? पडला नाही. पाडला. कोणी पाडला?" काहीही बिघडलं तरी पहिला प्रश्न 'काय झालं?' असा नसायचा, 'कोणी केलं?' असा असायचा. एकदा सगळ्या वसाहतीची वीज गेली. बाकीचे बाहेर वाऱ्याला जाऊन बसले. हे वीज कंपनीला फोन लावत बसले, आणि कुठल्या लाइनमननं कुठला फ्यूज काढला होता ते नावानिशी कळल्यावरच चहा प्यायले. वीज तोवर आलेलीही होती.

आणि वाळा. त्यांचा उन्हाळा पाडव्याला सुरू व्हायचा. पाडव्याला ते दांडिया बाजारातून वाळ्याच्या जुड्या घेऊन यायचे. एक माठात, एक वर्कशॉपच्या कूलरमध्ये, एक कपाटात. एक हेल्मेटमध्ये. खोटं नाही सांगत, हेल्मेटच्या आत चारी बाजूंनी वाळा शिवून घेतलेला होता. सकाळी नळाखाली भिजवून ते स्कूटरवर निघायचे आणि मकरपुऱ्याला पोचेपर्यंत कानांमागून पाण्याचे ओघळ शर्टाच्या कॉलरपर्यंत आलेले असायचे. एसीला ते 'थंडीचं इंजेक्शन' म्हणायचे. त्यामुळे नवी व्हॅन बिनएसीची आली तेव्हा आम्ही हळहळलो आणि ते खूश झाले.

व्हॅनच्या समोरच्या काचेखाली, वायपरपाशी, प्लास्टिकची जाळी असते. पंखा लावला की बाहेरची हवा तिथून आत येते. इनचार्जनी त्या जाळीच्या आत वाळ्याची जुडी बांधून ठेवली. सकाळी गाडी निघायच्या आधी त्यांचा आवाज यायचा, "ड्रायव्हर, पाणी?" रमणभाई जाळीवर लोटाभर पाणी ओतायचे आणि सांगायचे, "नाख्युं, साएब."

आणि खरं सांगायचं तर ते फार सुखाचं होतं. मी दोनदा त्या गाडीतून कारखान्यावर गेले आहे. बाहेर डांबर वितळतंय आणि आत वाळ्याचा पडदा सोडलेली खोली चालली आहे, असं वाटायचं. शेजारच्या युनिटमधले लोक उगीच गाडीत डोकं घालून वास घेऊन जायचे. इनचार्ज कोणाला अडवायचे नाहीत. तेवढ्या एका बाबतीत त्यांना कौतुक चालायचं.

गाडीच्या तक्रारी दुसऱ्या उन्हाळ्यात, पाडवा होऊन काही दिवस गेल्यावर सुरू झाल्या. कोरड्या ठणठणीत दुपारी, गाडी उभी असताना, वायपर आपोआप फिरायला लागले. एकदा डावा इंडिकेटर जेवणाची सुट्टी संपेपर्यंत लुकलुकत राहिला. दारांची लॉकं मनाला येईल तेव्हा खट्‌ करून लागायची. इनचार्ज बॉनेटवर हात ठेवून समजूत घालायचे, आणि गंमत म्हणजे गाडी ऐकायचीही. दोन दिवस ठीक चालायची.

मग सोमवारी संध्याकाळी, अंधार पडता पडता, सावली गावाच्या रस्त्यावर गाडीचे सगळे दिवे एकदम गेले. रमणभाई एकटे होते. समोरून सायकलवाला येत होता. त्यानं बाजूच्या चारीत उडी टाकली म्हणून वाचला. मनगट मोडलं. रमणभाईंनीच त्याला उचलून दवाखान्यात नेलं, आणि मग परत लागलेल्या पार्किंग लाइटवर गाडी रांगत रांगत वर्कशॉपला आणली.

मंगळवारी सकाळी चहाच्या वेळेला सगळे कामगार जमलेले असताना इनचार्ज गाडीत शिरले. रमणभाईंनी डॅशबोर्डवर माताजींचा फोटो लावला होता आणि त्याभोवती बारीक लाल-हिरव्या दिव्यांची माळ.

"हे कोणी केलं?"

"में कर्युं, साएब. माताजीना दिवा छे."

इनचार्जनी माळ ओढून काढली. वायर तुटली. "माताजींच्या दिव्यांनी डबा जाळला. कंपनीच्या वायरिंगला हात लावायचा नसतो, हे ड्रायव्हरला कळायला नको?"

"साएब, ए तो लाइटरना सॉकेटमांथी—"

"मला शिकवू नका."

सगळे कप हातात धरून उभे होते. शेठ नेमके तेव्हाच आत येत होते. त्यांनी ऐकलं, सायकलवाल्याचं आधीच ऐकलेलं होतं, आणि निकाल दिला. तो निकाल वर सांगितला आहे.

रमणभाई कंपनी सुरू झाल्यापासून होते. त्यांच्या जाण्याचं दुःख वेगळं आणि जायच्या कारणाची भीती वेगळी. आमच्या धंद्यात ड्रायव्हरला प्रत्येक कारखान्याचा गेटपास लागतो, आणि पास देण्याआधी सगळे एकमेकांना फोन करून विचारतात. 'निष्काळजीपणामुळे काढला' एवढं एकदा बोललं गेलं, की मकरपुऱ्यापासून कोयलीपर्यंत एकही फाटक त्या माणसाला उघडत नाही. रमणभाईंना ते माहीत होतं. घरी जाताना त्यांनी मला एवढंच विचारलं, "बेन, कागळमां शुं लखशो?"

कागदावर काय लिहायचं ते मला अजून सांगितलेलं नव्हतं. गुरुवारी शेठ येऊन सांगणार होते.

वाघेला जेवणानंतर आला. वयानं लहान, तोंडात मावा, बोलण्यात कोणाचीही भीड नाही. नवा डबा खोक्यातून काढला, टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "आमने आम नहि लगाडुं. जूनो केम गयो ए जाणवुं पडे. नहि तो आ बी जशे."

जुना का गेला हे कळल्याशिवाय नवा बसवणार नाही, कारण नवाही जाईल. बोलणं रास्त होतं. पण शेठ यायला फार वेळ उरला नव्हता आणि सकाळी कोयली होतं.

"कारण मिळालेलं आहे," इनचार्ज म्हणाले. "दिवे."

वाघेलानं तुटलेल्या वायरीचं टोक धरलं, ती कुठे जाते ते बघितलं आणि हसला. "साएब, आ तो लाइटरमांथी छे. एनो रस्तो ज जुदो. डबाने शुं लेवादेवा?"

लाइटरच्या वायरीचा डब्याशी संबंधच नाही, रमणभाई तेच सांगत होते. इनचार्जनी नजर हलवली नाही. "मग दुसरं कारण शोधा."

"उंदर हशे," वाघेला म्हणाला. उंदरानं वायर कुरतडली असेल म्हणून त्यानं सीटखाली, मॅटखाली बॅटरी मारून लेंड्या शोधल्या. सापडल्या नाहीत. मग डाव्या सीटच्या पायांपाशी आडवा पडून त्यानं पॅनल उघडलं आणि डबा बाहेर काढला. कनेक्टरच्या पिना हिरव्यागार झाल्या होत्या. तांब्याच्या भांड्यात चिंच विसरली की होतात तशा.

"पाणी," तो म्हणाला. "गाडी कोण धुवे छे?"

"रमणभाई," मी म्हणाले.

"पाइपथी?"

"हो, पाइपनं."

"बस तो. धोवामां पाणी अंदर मार्युं छे." पाइपचं पाणी आत मारलं. झालं, कारण मिळालं. हिरव्या पिना कोणालाही दाखवता आल्या असत्या. दिव्यांचा आरोप गेला आणि धुण्याचा आला. माणूस तोच राहिला.

"म्हणजे ड्रायव्हरच," इनचार्ज म्हणाले, आणि डबा हातात घेतला.

प्रत्येक बिघडलेली वस्तू नाकाला लावायची त्यांना सवय होती. जळलेली कॉइल, तापलेलं ऑइल ते वासावरून ओळखायचे. डबाही त्यांनी नाकाला लावला. मी समोरच उभी होते. त्यांचं बोलणं अर्ध्यावर थांबलं.

उन्हाळ्यात आमच्या सगळ्या वर्कशॉपला वाळ्याचा वास असायचा. माठ होता, कूलर होता, ते स्वतः होते. त्यामुळे त्या डब्यालाही तोच वास येतोय हे दुसऱ्या कोणाच्या लक्षात येणं शक्य नव्हतं. ते डबा ठेवून आपल्या टेबलापाशी गेले. हेल्मेट उलटं पडलं होतं ते उचललं, त्याचा वास घेतला, परत ठेवलं. घड्याळाकडे बघितलं. वाघेला मावा थुंकायला बाहेर गेला होता. मनात आणलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. मला तेव्हा काहीच कळलं नव्हतं. मी फक्त बघत होते, की हा माणूस उभा का राहिला आहे.

"ऑफिस," ते म्हणाले, "लोटा आणा. भरून."

मी आणला. त्यांनी वाघेलाला परत डॅशबोर्डखाली आडवं पडायला लावलं, बॅटरी धरायला सांगितलं, आणि स्वतः समोर जाऊन काचेखालच्या जाळीवर पाणी ओतायला लागले. हळूहळू, धार धरून.

"कंई नथी," आतून वाघेलाचा आवाज. मग थोड्या वेळानं, "आव्युं! साएब, बंध करो, मारा मोढा पर आव्युं!"

ते थांबले नाहीत. सगळा लोटा रिकामा केला. मग बॉनेट उघडलं, जाळीच्या क्लिपा काढल्या आणि आत हात घातला. हाताला लागलं ते ओढून बाहेर काढलं. आदल्या वर्षीची जुडी, काळी पडलेली, कुजलेली, आणि तिच्यावर या वर्षीची नवी. जुन्या जुडीच्या मुळ्या सुटून पाणी वाहून जायच्या भोकात घट्ट बसल्या होत्या. पाण्याला बाहेरची वाट बंद झाली होती, म्हणून ते आतून, पंख्याच्या रस्त्यानं, थेंब थेंब दिवाणाच्या डोक्यावर पडत होतं.

इनचार्जच्या मनगटावरून काळं पाणी कोपरापर्यंत गेलं.

"गाडीवाल्यांनी डबा तिथे ठेवायलाच नको होता," ते म्हणाले. कोणाला उद्देशून, ते कळलं नाही.

वाघेला चेहरा पुसत बाहेर आला. "गाडीवाळाए वाळो बी नहोतो मूक्यो, साएब."

वाळाही गाडीवाल्यांनी ठेवलेला नव्हता, हे खरंच होतं. वाघेलाच कामाला लागला. भोक साफ केलं, कनेक्टर स्प्रेनं धुतला, वाऱ्यानं वाळवला, खराब पिना बदलल्या, नवा डबा बसवला आणि लॅपटॉप जोडला. मग म्हणाला, की नवा डबा गाडीच्या किल्ल्या ओळखत नाही. त्या ओळखवून द्याव्या लागतात, आणि दोन्ही एकाच वेळी. नाहीतर इंजिन सुरू होणार नाही. एक किल्ली आमच्याकडे होती. दुसरी रमणभाईंच्या खिशात.

म्हणून आम्ही तिघं रमणभाईंची वाट बघत बसलो. मी कपाट लावलेलंच परत लावलं. इनचार्ज नव्या डब्याशी एक शब्द बोलले नाहीत. कॉम्प्रेसरशी नाही, कोणाशीच नाही.

रमणभाई आणि शेठ पाठोपाठच आले. रमणभाईंच्या हातात पिशवी होती. त्यांनी गणवेश काढून माझ्या टेबलावर ठेवला. धुतलेला, इस्त्री केलेला. वर किल्ली. वाघेलानं किल्ली उचलली, गाडीत गेला, आणि जरा वेळानं दिवे लागले. इंडिकेटर लागले, वायपर एकदा फिरून जागेवर बसले, हॉर्न वाजला.

"सरस," शेठ म्हणाले. "शुं हतुं?"

वाघेलानं इनचार्जकडे बघितलं. मग म्हणाला, "पाणी. वाळामांथी."

शेठना दोन वाक्यांत सगळं समजलं. त्यांनी सरळ विचारलं, "पाणी कोण नाखतुं हतुं?"

"हुं, शेठ," रमणभाई म्हणाले. "रोज."

"तो? मारी वात खोटी क्यां छे? ड्रायवर ज ने!"

माझ्या हातात पेन होतं. कागद समोर होता. शेठनी पुढचं वाक्य सांगितलं असतं तर मला ते लिहावं लागलं असतं. रमणभाई कागदाकडे बघत होते. इनचार्ज जमिनीकडे.

"शेठ," इनचार्ज म्हणाले, "डबा बदलला. ड्रायव्हर बदलू नका."

"केम?"

"बदलायचा तर इनचार्ज बदला." आवाज चढला नाही, पण नेहमीचाही नव्हता. "वाळा माझा. पाणी घालायला सांगणारा मी. भोक न बघणारा मी. दिव्यांवर खापर फोडणारा मी. यांनी सांगितलेलं काम केलं. चूक कोणी केली, तर मी केली."

शेठ बडोद्यात वाढलेले. मराठी सगळं समजायचं. त्यांनी बोट रमणभाईंकडे केलं. "मने शुं काम कहो छो? चाना टाइमे बधानी सामे एने कह्युं हतुं ने? एने कहो."

चहाच्या वेळी सगळ्यांसमोर त्याला बोललात ना, मग मला काय सांगता, त्याला सांगा. एवढंच.

इनचार्ज वळले. रमणभाई समोर उभे, हातभर अंतरावर. शेजारच्या युनिटमधला लेथ बंद झाला होता, त्यामुळे फारच शांत वाटत होतं. इनचार्जचं तोंड उघडलं. ओठ हलले. मला दिसत होतं, की शब्द तोंडाशी आलेला आहे.

"ड्रायव्हर," ते म्हणाले.

"हा, साएब."

"उद्या कोयलीला... सकाळी लवकर निघा. फाटकावर गर्दी असते."

शेठनी कपाळाला हात लावला. वाघेला लॅपटॉप मिटायला लागला. रमणभाई हसले नाहीत, चिडलेही नाहीत. त्यांनी गणवेश परत पिशवीत ठेवला, किल्ली घेतली. "जइश, साएब. कोयलीनुं काम पूरुं करीश. पछी हुं छुट्टो."

आणि तसंच झालं. शटडाउन संपेपर्यंत गाडी रोज वेळेवर फाटकात उभी राहिली. शेवटच्या दिवशी रमणभाईंनी गाडी धुतली, पाइपनं नाही, फडक्यानं, आणि किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. शेठनी त्यांना थांबवायचा प्रयत्न केला. मग मला म्हणाले, त्यांना हवं ते लिहून दे. मी लिहिलं : स्वेच्छेने सोडले, काम उत्तम. रमणभाई आता सावलीत शाळेच्या मुलांची गाडी चालवतात.

शेठनी इनचार्जना बदललं नाही. ते स्वतः बदलले वगैरे असंही काही झालं नाही. पुढच्याच आठवड्यात कूलरची मोटर बंद पडली तेव्हा पहिला प्रश्न "कोणी केलं?" हाच होता. गाडीतला वाळा मात्र पुन्हा लावला नाही.

त्याच्या पुढच्या शनिवारी इनचार्ज माझ्या टेबलाशी आले. "ऑफिस, ड्रायव्हरचा पत्ता?"

दिला. सोमवारी मी विचारलं, "बोललात?"

"त्यांच्या पाण्याच्या मोटरचा आवाज बरोबर नव्हता. बेअरिंग गेलं होतं. बसवून दिलं."

"मी मोटरचं नाही विचारलं."

"मोटर उघडल्यावर बोलायला वेळ राहतो का?"

मग पंखा झाला. मग मिक्सर, मग रमणभाईंच्या बायकोचं शिलाई मशीन. महिन्यातून एखाददोन रविवार ते हेल्मेट घालून, स्कूटरला पान्यांची पिशवी अडकवून सावलीला जायला लागले. दर सोमवारी मी विचारायची आणि दर सोमवारी मला एका वस्तूची तब्येत कळायची. निवृत्त झाले तरी सावली चालूच राहिली. मग सोमवारऐवजी मी फोनवर विचारायला लागले.

"तुम्हाला एक शब्द बोलायचाय," मी एकदा वैतागून म्हटलं. "मी बोलू का तुमच्या वतीनं?"

"ते ऑफिसचं काम नाही," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मागच्या शनिवारी रमणभाईंचा फोन आला. इकडचं तिकडचं विचारून झालं. मग ते म्हणाले, "बेन, साएब गया रविवारे आव्या हता. मोटर पाछी अटकी हती. मोटर पर हाथ मूकीने कहे छे, 'माफ कर, दीकरा, मारी भूल हती.' मोटरने कहे छे, बेन! हुं बाजूमां ज बेठेलो."

मला हसू आलं, आणि मग आलं नाही.

"तुम्ही काय म्हणालात?"

"हुं शुं कहुं? मने थोडुं कह्युं हतुं?" मोटरला म्हणाले होते, त्यांना थोडंच! "घरमां हवे बगडेलुं कंई रह्युं नथी. साएबने कहो, हवे बोली नाखे. पछी खाली हाथे आवे, चा पीवा."

आता बोलून टाका, मग रिकाम्या हातानं चहाला या, एवढाच निरोप; मी लगेच इनचार्जना फोन लावला. पलीकडे पान्यांचा खणखणाट चालला होता.

"रमणभाईंचा निरोप आहे," मी म्हणाले.

"ऑफिस, नंतर. उद्या सावलीला जायचंय, पिशवी भरतोय. ड्रायव्हरच्या शेजाऱ्यांचा टीव्ही बिघडलाय."

"निरोप टीव्हीबद्दल नाही."

"मग तर नंतरच," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

या आठवड्यातली माझी कामं : दळण आणून झालं, गॅसवाल्याला फोन झाला, गच्चीची टाकी धुऊन झाली. निरोप द्यायचा राहिला आहे.